कोमिओ म्हणजे जेवला

पुणेकरांना पनवेल माहीत असतं ते खिडकीतून. मुंबईला जाताना गाडी तिथे दम खाते, कुणी वडापाव घेऊन चढतं, कुणी उतरतं आणि आपण पुन्हा डोळे मिटतो. मीही आयुष्यात शंभरेक वेळा पनवेलवरून गेले असेन. पनवेलला म्हणून निघाले ती मात्र फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आणि तीही पनवेल बघायला नाही. मला एक कागद वाचून दाखवायचा होता.

सांगते. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. सव्वीस वर्षं झाली. माझे यजमान म्हणतात, सव्वीस वर्षांत तू निम्मं पुणं घाबरवलंस, बोलायला मात्र चौघांनाच शिकवलंस. त्यांचं अगदीच खोटं नाही. चूक दिसली की माझा जीव खालीवर होतो. लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा मी लाल पेनानं खुणा करून ठेवते. विद्यार्थ्यानं अर्धवट उत्तर दिलं की मी त्याला उभं करते आणि पूर्ण वाक्य वदवून घेते: कोण, कधी, कुठे, काय. या खोडीबद्दल पुढे लिहायचंच आहे.

नितेश माझ्याकडे आला तेव्हा चोवीस वर्षांचा असेल. पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागतं, त्याच्यापुढे खाडीच्या काठी कोळ्यांची एक वस्ती आहे, तिथला. मालवाहू जहाजावर तो मेसमन होता. म्हणजे खलाशांना वाढायचं, त्यांच्या ताटांचं, टेबलांचं बघायचं. जहाज दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांवर जायचं आणि तिथल्या धक्क्यावर स्पॅनिशशिवाय पान हलायचं नाही. सुट्टीच्या सहा महिन्यांत दर शनिवारी पहाटे निघून तो पुण्याला यायचा. तिसऱ्याच शनिवारी त्यानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, जेवलास का, हे कसं विचारायचं?"

मी म्हटलं, भूतकाळ दुसऱ्या सत्रात आहे. तो म्हणाला, तोवर मी जहाजावर असेन. आणि माणसाला जेवलास का हेच विचारता आलं नाही तर बाकीचं शिकून काय करू? वर्ग हसला. मीही हसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा क्रम मोडला. कोमेर म्हणजे जेवणं. कोमी, जेवलो. कोमिस्ते, जेवलास. कोमिओ, जेवला. त्यानं ते वहीत देवनागरीत लिहून घेतलं, त्यावरून मी त्याला बोललेसुद्धा. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत तो जिन्यात भेटेल त्याला "या कोमिस्ते?", जेवलास का, विचारत सुटला होता. झाडूवालीला, वॉचमनला, मलाही.

त्याला चार वर्षं झाली असतील. फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन आला. नितेशची बहीण सुवर्णा बोलत होती. नितेश नोव्हेंबरात गेला, असं तिनं सांगितलं. जहाजावर ताप आला, तो उतरेना, म्हणून कुठल्याशा बंदरावर त्याला दवाखान्यात ठेवलं. शनिवारी ठेवलं आणि मंगळवारी पहाटे तो गेला. देह तीन आठवड्यांनी घरी आला. त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत दवाखान्याचा एक कागद होता, स्पॅनिशमध्ये. आणि वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर.

मी म्हटलं, कागद स्कॅन करून पाठव, मी लगेच मराठी करून देते. ती म्हणाली, ते मी केलं असतं, ऑफिसात मशीन आहे. पण आईला तो माणसाच्या तोंडून ऐकायचाय. ज्या बाईनं शिकवलं तिच्या तोंडून.

म्हणून निघाले. निघतानाच घोळ झाला. मी बसले ती बस पनवेलच्या स्टँडात जातच नव्हती, हे कंडक्टरनं मला कळंबोली आल्यावर सांगितलं आणि महामार्गाच्या कडेला उतरवलं. उड्डाणपुलाखाली धूळ, ट्रकांचे कर्कश हॉर्न आणि मी, हातात पिशवी. एका दाढीवाल्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघून न विचारताच मीटर टाकला. इथे रोज निदान दहा पुणेकर असेच उतरतात, म्हणाला, आणि सगळे माझ्यावरच ओरडतात. मी ओरडले नाही. खरं तर थोडी ओरडले. स्टँडवर सोडताना त्यानं "तकलीफ झाली तुमाला" म्हणून माझी पिशवी उतरवून दिली, तेव्हा मला लाज वाटली.

पनवेलचा स्टँड सकाळी साडेनवाला गजबजलेला होता. उरण, पेण, अलिबाग, सगळीकडच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या उभ्या. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या तीनचार बाया एका बाजूला, खारघरच्या कॉलेजात परीक्षेला चाललेली पोरं दुसऱ्या बाजूला. सुवर्णानं मला ओळखलं. मी तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता, नितेशचंच तोंड होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जीन्स, खांद्याला लॅपटॉपची बॅग. जासईच्या एका कंटेनर यार्डात ती कागदपत्रं बघते.

तिनं मला थेट बसकडे नेलं नाही. स्टँडबाहेरच्या हॉटेलात चहा मागवला आणि बॅगेतून प्लास्टिकच्या पाकिटातला तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

दवाखान्याचा आहाराचा तक्ता होता. प्रत्येक पेशंटच्या खाटेला अडकवतात तसला. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस, त्यांच्यापुढे दुपारचं आणि रात्रीचं काय वाढलं ते छापलेलं, आणि त्यापुढे पेशंटनं काय केलं ते नर्सच्या हातचं. शनिवारी रात्री: कोमिओ पोको, थोडं जेवला. रविवारी दुपारी नो कोमिओ. रात्री नो कोमिओ. सोमवारी दुपारी, रात्री, तेच. नो कोमिओ. जेवला नाही.

माझ्या वर्गात हजार वेळा फळ्यावर लिहिलेला शब्द. मी चहाचा कप खाली ठेवला.

सुवर्णा माझ्या तोंडाकडे बघत होती. "मॅडम, मला माहितीये काय लिहिलंय ते," ती म्हणाली. "ऑफिसात कॉम्प्युटरवर टाकून बघितलं. आणि नो तर कोणालाही कळतं."

मग तिनं मला का बोलावलं, ते तिनं सांगितलं. आईनं नोव्हेंबरापासून जेवण सोडलं होतं. अगदी उपास नव्हे. चहा, भाकरीचा तुकडा, कोणी फारच बोललं तर दोन घास. ताटावर बसतच नव्हती. माझा पोर उपाशी गेला, हे एकच तिच्या मनानं घेतलं होतं. चाळीस माणसांना वाढणारा पोरगा परक्या मुलखात उपाशी गेला, मग मी कशी जेवू? पनवेलला डॉक्टरकडे नेऊन सलाइन लावून झालं होतं दोनदा. सुवर्णा तिला म्हणाली होती, कागदावर लिहिलंय तो जेवला म्हणून. आईनं विश्वास ठेवला नाही. तुला काय येतंय त्यातलं, म्हणाली. त्याच्या बाईंना आन, त्या सांगतील ते खरं.

"तुम्ही फक्त जेवला म्हणा," सुवर्णा म्हणाली. "एकच शब्द. प्लीज."

मला राग आला, हे कबूल करते. मुलगी रडवेली झालेली, आणि मला राग कसला, तर मला खोटं भाषांतर करायला सांगितल्याचा. चार शब्दांच्या कागदात चार चुका करायच्या, त्याही जाणूनबुजून. मी म्हटलं, बघू. वचन देत नाही. ती चहाचे पैसे देऊन पुढे चालू लागली.

उरणच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. पनवेल संपलं की रस्ता रुंद होतो आणि मग त्यावर ट्रेलरच ट्रेलर. घराएवढे लाल-निळे डबे पाठीवर घेऊन बंदराकडे चाललेले, किंवा नुसतेच उभे, आणि खाली सावलीत ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून भात टाकतायत. उलव्याच्या बाजूला इमारती उगवत होत्या. काहींना खिडक्या होत्या, काहींना नुसती भोकं. विमानतळ तेव्हा फलकावरच होता. फलकावर विमान आणि फलकाखाली म्हशी. मागच्या बाकावरचे एक आजोबा शेजाऱ्याला बोट दाखवून सांगत होते, ते आमचं मिठागर, ती आमची शेती, ते आमचं बंदर. मी वळून बघितलं तर प्रत्येक ठिकाणी पत्र्याचं कुंपण.

जासईला यार्डांच्या भिंती लागल्या. इथे मी बसते, असं सुवर्णानं एका गेटकडे बघून सांगितलं. मग नितेशबद्दल थोडं बोलली. पहिल्या पगारातून त्यानं आईला कुकर आणला होता, आणि आईनं तो अजून खोक्यातून काढला नव्हता, कारण कुकरच्या भाताला चव नसते. सांगताना ती हसली. मी मनात वाक्यं जुळवत होते. खरं सांगायचं तर कसं सांगायचं, खोटं सांगायचं तर कसं. बस गतिरोधकावर आदळली की माझी वाक्यं मोडायची.

फाट्यावर उतरून पुढे पायवाट होती, एका बाजूला तिवरं (खाडीकाठची झुडपं), दुसऱ्या बाजूला ओहोटीनं उघडा पडलेला चिखल. चिखलात निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) टुणटुणत होत्या. त्या बघायला मी कडेला गेले आणि पाय घोट्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. सुवर्णानं जीन्स वर करून ती काढली, पण चपलेचा अंगठा तुटला होता. अशी मी अनवाणी, एक पाय काळा, त्या वस्तीत शिरले.

रविवारची दुपार होत आली होती. घराघरांतून मासे तळल्याचा वास येत होता. आम्हा शाकाहारी लोकांना तो वास सहन होत नाही म्हणतात. मला त्या दिवशी लक्षात राहिलं ते एवढंच, की नितेशच्या घरापाशी तो वास थांबला. दारात वलांडी (मासळी सुकवायची बांबूंची मांडणी) होती, तिच्यावर काही नव्हतं.

वडील पडवीत बसले होते. हरीभाऊ. उठून त्यांनी हात जोडले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, जुळून गेलेली दिसली. माझ्या पायाकडे बघून ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या पायावर पाणी ओतलं. आत भिंतीवर नितेशचा फोटो, पांढऱ्या शर्टातला, हार घातलेला. त्याखाली मंजुळाताई बसल्या होत्या. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहानच असतील. गळ्याची हाडं वर आलेली, लुगडं अंगावर ठेवल्यासारखं. पण आवाज खणखणीत होता.

"बसा बाई. लांबून आल्याव. पानी घ्या आदी."

पाणी झालं. चहा झाला. माझ्या पोरानं तुमचं लई नाव काढलं, बाई मारकी हाय पन शिकवते बेस, असं म्हनायचा, हेही झालं. मग त्यांनी हात पुढे केला, सुवर्णानं कागद त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. खोलीत आम्ही चौघंच होतो.

"शेवटच्या राती माजा पोर जेवला काय?" त्यांनी विचारलं. "तेवडंच वाचा. बाकी मना नको."

मी कागदाकडे बघितलं. नो कोमिओ. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. आणि सव्वीस वर्षांची माझी ती शिस्त, जिचा मला चहाच्या हॉटेलात एवढा ताठा होता, ती एका क्षणात गेली.

"जेवला," मी म्हटलं.

इथे थांबायला हवं होतं. एकच शब्द, असं सुवर्णानं सांगितलंही होतं. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस जास्त बोलतं, आणि माझी ती खोडी आहेच: कोण, कधी, कुठे, काय. एका शब्दावर कोण विश्वास ठेवेल, असं मला वाटलं. कागदावर त्या रात्रीचं जेवण छापलेलं होतं. माशाचं सूप आणि भात. कोळ्याच्या घरात याहून चांगलं काय सांगायचं? मी बोट ठेवून, वर्गात वाचतात तसं पूर्ण वाक्य वाचलं. "सोमवारी रात्री त्यानं माशाचं कालवण आणि भात खाल्ला."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा सैल होईल. तसं झालं नाही. हरीभाऊंनी उजवा हात डाव्या हातानं झाकला. सुवर्णानं डोळे मिटले.

"सोमवारी?" मंजुळाताई म्हणाल्या. "सोमवारी मासा खाल्ला त्यानं?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. नितेश बारा वर्षांचा असताना हरीभाऊंचा हात होडी आणि धक्का यांच्यामध्ये चेंगरला होता. तोडायला लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. त्या पोरानं गावच्या महादेवाला सांगितलं, बाबांचा हात ठेव, मी जन्मभर सोमवार धरीन. हात राहिला. तेव्हापासून नितेश सोमवारी दिवसभर काही खात नसे, रात्री दूध-केळं, आणि मासा तर नाहीच. जहाजावर चाळीस जणांना सोमवारी मासे वाढायचा आणि स्वतः केळं खायचा. तापातही त्यानं तो नवस मोडला नव्हता कधी.

"कोनी चारला त्याला?" त्या म्हणाल्या. "बेसुद व्हता का? सोमवारी राती मासा पोटात, आन मंगळवारी पहाटे..." हरीभाऊ उठून दाराशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

म्हणजे मी काय केलं होतं? उपाशी गेला, एवढंच दुःख त्या घरात होतं. त्यात मी आता नवस मोडून गेला, हे घातलं होतं. आणि तेही ज्या बापासाठी नवस, त्याच्यासमोर. मला जन्मात इतकी शरम वाटली नाही.

मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "ताई, मी खोटं बोलले. त्यानं मासा खाल्ला नाही."

सुवर्णा मध्येच म्हणाली, "आये, मीच त्यांना सांगितलेलं. सोमवार माझ्या डोक्यातच नाय आला." मंजुळाताईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"खरं काय ते सांगा. काय लिवलंय?"

"जेवला नाही, असं लिहिलंय. दुपारीही नाही आणि रात्रीही नाही."

"कुटं लिवलंय? दाखवा."

मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांचं बोट धरून सोमवारच्या ओळीवर ठेवलं. ही दोन अक्षरं बघा, म्हटलं. हे उभं-आडवं आणि हे वाटोळं. याचा अर्थ 'नाही'. दुपारी इथे, रात्री इथे. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण त्या मान खाली घालून त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिल्या, बोटानं ती चाचपत.

"पाळलान," त्या म्हणाल्या. "आयकलंत काय? पोरानं सोमवार पाळलान. तिकडं पडल्या पडल्या त्याला वार ठावा व्हता."

हरीभाऊ दारातूनच मान हलवत होते. मंजुळाताई रडल्या, मोठ्यानं, फोटोकडे बघून. सुवर्णा नंतर म्हणाली, देह आला त्या दिवसापासून आई रडलीच नव्हती. मला वाटलं, संपलं. माझी चूक पदरात पडून पवित्र झाली. खरं सांगितलं की असं होतं, असा एक मूर्ख विचारही माझ्या मनात येऊन गेला.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आनि आयतवारी?"

त्यांच्या घरातल्या रविवाराला काही नवस नव्हता. रविवारी कोळ्याचं पोर जेवलं नाही, तर त्याचं कारण एकच, त्याला जेववलं नाही. मी पुन्हा कागद उचलला, उगीचच, वेळ काढायला. आणि तेव्हा रविवारच्या ओळीच्या टोकाला, समासात, नर्सनं बारीक अक्षरात खरडलेली एक ओळ मला दिसली. चहाच्या हॉटेलात ती माझ्या नजरेतून सुटली होती. पेशंट विचारतो, तुम्ही जेवलात का. एवढंच. नर्सला ते गमतीचं वाटलं असेल म्हणून लिहिलं असेल.

हे तरी खरं होतं आणि मी ते सांगितलं. रविवारी त्यानं नर्सला विचारलं, तुम्ही जेवलात का. तसं इथे लिहिलंय.

"इचारनारच," मंजुळाताई म्हणाल्या. हरीभाऊ पहिल्यांदाच हसले, आणि लगेच त्यांनी तोंड फिरवलं. "आनि तो?"

"तो पण जेवला," मी म्हटलं. "रविवारी जेवला."

मंजुळाताईंचं बोट पुन्हा कागदावर आलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते, आता विचारतील: काय जेवला? त्यांनी ते विचारलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "सुवर्णे, पाट मांड. बाईंना भूक लागली असंल."

माझ्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकरी, आणि कैरीचं लोणचं. त्या स्वतः वाढायला बसल्या. सुवर्णानं न विचारता चौथं ताट मांडलं आणि आम्ही तिघंही आपापल्या ताटात बघत राहिलो, जणू त्या ताटाशी आमचा काही संबंध नाही. वाढून झाल्यावर त्या टेकल्या. भाकरी मोडली. अर्धी खाल्ली असेल, थोडा भात. हरीभाऊंनी मग त्यांच्या ताटात आणखी एक वाटी बिरडं ओतलं. त्या "पुरे" म्हणाल्या आणि ते खाल्लं. त्या जेवणाची चव मला सांगता येणार नाही.

निघताना त्यांनी मला स्वतःच्या चपला दिल्या, माझ्या मापाच्या नव्हत्या तरी. परत येताना बसमध्ये मी एकटीच होते, ट्रेलरांची रांग सकाळच्याच जागी उभी होती आणि ऊन उतरत होतं. पनवेलच्या स्टँडात पुण्याची गाडी लागली. खिडकीशी बसल्यावर मला ते उमगलं. मी त्यांना त्या दोन अक्षरांची ओळख करून दिली होती. बोट धरून दिली होती. सोमवारच्या ओळीच्या अगदी वर रविवारची ओळ होती, आणि तिच्यातही तीच दोन अक्षरं होती, दोनदा. सव्वीस वर्षांत इतक्या लवकर शिकलेला विद्यार्थी मला भेटला नसेल.

मग त्यांनी "बरं" का म्हटलं? घाटात गाडी चढत होती आणि मी स्वतःशीच भांडत होते. एकदा वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसेल. एकदा वाटलं, आलं असेल, आणि माझ्यासारख्या लांबून आलेल्या बाईला पुन्हा खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसल्या असतील. मी घरी पोचले, यजमानांनी प्रवास कसा झाला विचारलं, मी ठीक म्हटलं.

पंधरा दिवसांनी सुवर्णाचा फोन आला. आई जेवते, म्हणाली. वजन अजून नाही, पण दोन्ही वेळा ताटावर बसते. सोमवार मात्र तिनं धरलाय, नितेशचा म्हणून. तो आता माझ्याकडं आला, म्हणते. मी म्हटलं, चांगलं झालं. आणि कागद? जपून ठेव हं, मी म्हटलं, दवाखान्याचा आहे, कधी लागेल.

"तो माझ्याकडे नाय मॅडम," सुवर्णा म्हणाली. "आईनं मागून घेतला. देवाच्या पेटीत ठेवलाय. आणि मला बजावून सांगितलंय, आता परत कोनाला वाचाया देऊ नको."